कोल्हापुरातही जमते की मैफल

लाइव्ह म्युझिकचा पब म्हणजे पुणंच गाठायला हवं, असं कुणीतरी म्हटलंय. पटलं नाही भावा. परवाच्या शनिवारी ताराबाई पार्कातल्या एका पबात मित्रांबरोबर गेलतो. जागा आटोपशीर, स्टेज म्हणजे कोपऱ्यातला वीतभर उंचीचा चौथरा. एक गिटार, एक कहोन (वर बसून हातानं वाजवायचा लाकडी खोका) आणि गाणारी पोरगी. मधल्या सुट्टीत ती पाण्याची बाटली घेऊन आमच्याच टेबलाला टेकली, फर्माईश विचारून गेली. शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी काकांनी गाण्याच्या ध्रुवपदाला असा काही सूर लावला की गिटारवाल्यानं माइकच त्यांच्या तोंडापुढं धरला. नाद खुळा! वर खर्डा चिकन. (हे पुण्यात मिळवून दाखवा.)

ऐकणारे कान या गावाला नवीन नाहीत. देवल क्लब ही इथली संगीतसंस्था १८८३ पासून आहे, थोर गवई अल्लादिया खाँसाहेब इथल्याच दरबारात होते.

एवढंच, की बाहेर उघड्यावर बसून ऐकायचं असेल तर आठलाच जावा. रात्री १० नंतर तिथले स्पीकर नियमानं बंद. स्पीकरला चिकटून टेबल घेऊ नका, गप्पा मारता येत नाहीत. आणि गाडी घरीच ठेवा, परतीची रिक्षा आधीच सांगून ठेवलेली बरी.