बॅचच्या बातम्या तुम्ही कशा ठेवता? आमचा मित्र गेला आणि आम्हाला चौदा महिन्यांनी कळलं

भूलतज्ज्ञ_ठाणे

नमस्कार. मुंबईच्या वेगवेगळ्या मेडिकल कॉलेजांतले बरेच जण इथे आहेत म्हणून विचारतेय. आमच्या कॉलेजचं नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही.

आमची १९९९ची बॅच, दोनशे जणांची. पंचवीस वर्षांचं रियुनियन डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ठेवलं कारण अमेरिका-इंग्लंडवाल्यांना तेव्हाच सुट्टी मिळते, एक दिवस कॉलेजात आणि दोन दिवस कर्जतला. वर्गणीचं काम माझ्याकडे होतं. ज्यांचे पैसे आले नव्हते त्यांना मी एकेकाला मेसेज टाकत होते, त्यात आमचा एक मित्र होता, अंबरनाथला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. त्याला तीन वेळा लिहिलं, अरे तुझी वर्गणी राहिलीये, तारीख जवळ आली. तिसऱ्या मेसेजला उत्तर आलं ते त्याच्या बायकोचं. "ताई, हे गेले त्याला चौदा महिने झाले. पेशंटचे फोन येतात म्हणून नंबर मी चालू ठेवलाय."

मी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर उभी होते, पुढची केस टेबलावर घ्यायची होती. त्या केसला मी भूल दिली, मग चेंजिंग रूममध्ये जाऊन रडले.

नंतर कळलं की किडनी गेल्या होत्या, दोन वर्षं डायलिसिसवर होता, आठवड्यातून तीनदा सकाळी डायलिसिस आणि त्याच दिवशी संध्याकाळी क्लिनिक. आमच्या बॅचमध्ये दोन नेफ्रोलॉजिस्ट (किडनीचे डॉक्टर) आहेत, त्यातला एक त्याच्या घरापासून तासाभरावर बसतो आणि कुणाला काही म्हणजे काही माहीत नाही. चार वर्षांपूर्वी तो ग्रुपमधून बाहेर पडला होता. ती ओळ सगळ्यांनी वाचली असणार, मीही वाचली असेल, फोन कुणीच केला नाही.

आमचं दर वर्षी बॅचचं बातमीपत्र निघतं. कोण प्रोफेसर झालं, कुणी हॉस्पिटल काढलं, कुणाचा पेपर छापून आला, कुणाच्या मुलाला कुठे ॲडमिशन मिळाली. यात वाईट काही नाही, आनंद वाटतोच वाचून. पण मी गेल्या पाच वर्षांचे अंक काढून बघितले तर त्यात साठ-सत्तर नावंच फिरून फिरून येतात. बाकीचे सव्वाशे जण कुठे आहेत?

तर विचारायचंय ते असं की तुमच्या बॅचमध्ये गप्प असलेल्या लोकांची खबर कोण ठेवतं आणि कशी, शिवाय आजारपणाची बातमी ग्रुपवर टाकावी का. रियुनियनचे दीड लाख उरलेत आणि बाहेरचे मित्र त्याच्या मुलीच्या शिक्षणासाठी आणखी द्यायला तयार आहेत, पण हा पैसा सध्या माझ्या सेव्हिंग खात्यात पडून आहे आणि मला ते बरोबर वाटत नाहीये.

परळचा_८८

मॅडम, वाचून पोटात कालवलं. मी परळच्या जीएस मेडिकल कॉलेजचा, १९८८ची बॅच.

आमच्याकडे २००९ला असंच झालं होतं, त्यानंतर आम्ही जे सुरू केलं ते सांगतो, अगदी साधं आहे. डिसेक्शनचं, म्हणजे मृतदेहावर शरीररचना शिकायचं, टेबल. फर्स्ट एमबीला, म्हणजे एमबीबीएसच्या पहिल्या टप्प्याला, आम्ही रोल नंबरने दहा-दहा जण एका टेबलावर होतो, तेव्हा फर्स्ट एमबी दीड वर्षाचं होतं (तुमच्या वेळी वर्षाचं झालं असणार), म्हणजे दीड वर्ष रोज तेच दहा चेहरे, तोच फॉर्मालिनचा वास, डोळ्यांतून पाणी, एक जण मॅन्युअल मोठ्याने वाचणार आणि बाकीचे नर्व्ह शोधणार. पुढे कुणी सर्जरीला गेलं, कुणी पीएसएमला (सार्वजनिक आरोग्याला), कुणी परीक्षा सोडून बँकेत लागलं, पण टेबल कुणी विसरत नाही. आम्ही बॅचची यादी टेबलांप्रमाणे पाडली. प्रत्येक टेबलाचा एक माणूस, त्याने वर्षातून दोनदा आपल्या नऊ जणांना फोन करायचा. मेसेज चालत नाही, फोनच. एकाला नऊ फोन म्हणजे दोन रविवारचं काम. ज्याचा फोन लागत नाही त्याच्या भावाला, सासुरवाडीला, गावच्या केमिस्टला, कुणालाही विचारायचं पण माणूस शोधायचा.

पहिल्याच वर्षी चार जण सापडले जे आमच्या हिशोबी "परदेशात असतील बहुतेक" होते. एक जण सावंतवाडीत होता आणि दोन वर्षांपासून दारू सोडायचा प्रयत्न करत होता. त्याच्या टेबलवाला जाऊन आठ दिवस राहिला त्याच्याकडे. याची बातमी कुठल्याच अंकात आली नाही आणि येणारही नाही.

जीएस आणि त्याच्या केईएम हॉस्पिटलला २०२६ला शंभर वर्षं होतात. १९२६ला कॉलेज सुरू झालं तेव्हा सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या ट्रस्टींनी अट घातली होती की शिकवणारे सगळे भारतीयच हवेत, आणि ते दिवस बघता ही केवढी मोठी गोष्ट होती. १९६८ला डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केईएममध्ये हृदयरोपण केलं, १९८६ला डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी हर्षाचा जन्म झाला, हे सगळं स्मरणिकेत यायलाच हवं, मला ते वाचताना अजूनही छाती भरून येते. पण ते लिहायला शंभर जण पुढे येतील. अंबरनाथच्या जीपीबद्दल लिहिणारा त्याच्या टेबलावरचाच कुणीतरी लागतो.

डोंबिवलीची_जीपी

मी ग्रुप सोडलेल्यांपैकी आहे म्हणून आमची बाजू सांगते, कुणावर राग नाहीये.

सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी सहा ते साडेदहा ओपीडी असते, रविवारी सकाळीपण. मधल्या वेळात फोन उघडला की कुणीतरी फेलोशिपचा फोटो टाकलेला असतो, खाली एकशे चाळीस अभिनंदन. मीपण करायचे अभिनंदन, मनापासून करायचे, पण माझ्याकडे टाकण्यासारखं काय असायचं, एका आजीची शुगर तीन महिने कंट्रोलमध्ये आली ही बातमी ग्रुपवर कशी टाकायची. मग एकदा कुणीतरी विचारलं, "अजून साधी प्रॅक्टिसच का?" त्याच्या मनात काही नसेल, पण त्या रात्री मी बाहेर पडले. २०२०ला आमच्या गल्लीत तीन महिने माझं एकच क्लिनिक उघडं होतं, पीपीई म्हणजे सुरुवातीला रेनकोट घालून बसायचे, तेव्हाही बॅचमधून एकच फोन आला, तो माझ्या हॉस्टेलच्या रूममेटचा.

परत जोडली गेले ती सीएमईमुळे, म्हणजे डॉक्टरांच्या चालू शिक्षणाच्या कार्यक्रमांमुळे. एमएमसीचं (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं) रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं तर ३० क्रेडिट पॉइंट लागतात, आणि जीपीला क्लिनिक बंद ठेवून कॉन्फरन्सला जाणं परवडत नाही. आमच्या अल्युमनायवाल्यांनी रविवारी दुपारी ठाण्यात सीएमई ठेवायला सुरुवात केली, पॉइंटची रीतसर परवानगी काढून. शिकवणारे बॅचचेच, विषय आमच्या कामाचे, रक्तातलं क्रियाटिनिन (किडनीच्या कामाचा आकडा) वाढायला लागल्यावर पेशंट कधी पाठवायचा, इन्सुलिन कसं सुरू करायचं असे. त्यानंतर चहाला जे बोलणं होतं ना, तिथे खरं काय चाललंय ते कळतं. मॅडम, तुमचा मित्र अशा एखाद्या सीएमईला आला असता तर शेजारी बसलेल्याने त्याच्या हातावरचा फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली फुगीर शीर) बघितला असता हो.

ट्रस्टचं_काम_बघतो

पैशांबद्दल तेवढं लिहितो. मी डॉक्टर नाही, बायको सायनच्या मेडिकल कॉलेजची आहे आणि तिच्या बॅचच्या ट्रस्टचे कागद मी सांभाळतो.

पहिलं म्हणजे ते पैसे तुमच्या खात्यातून लवकर हलवा. तुमची नियत चांगलीच आहे, पण उद्या इन्कम टॅक्सने विचारलं तर ते तुमचे धरले जातील. महाराष्ट्रात अशी संस्था बहुतेक वेळा सोसायटीज रजिस्ट्रेशन ॲक्ट १८६० आणि पब्लिक ट्रस्ट ॲक्ट १९५०, दोन्हीखाली नोंदवतात, सात सभासद लागतात, चॅरिटी कमिशनरकडे दर वर्षी ऑडिट द्यावं लागतं आणि कमिटी बदलली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट. हा चेंज रिपोर्ट राहून जातो आणि दहा वर्षांनी कागदावर रिटायर झालेलीच माणसं सापडतात, म्हणून तो एकाने स्वतःकडे घ्या.

बाहेरच्या मित्रांचं वेगळं आहे. जे अजून भारतीय पासपोर्टवर आहेत त्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे फॉरेन कॉन्ट्रिब्युशनमध्ये धरत नाहीत. पण ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय ते ओसीआय कार्डवाले असले तरी फॉरेन सोर्सच. त्यांचे पैसे संस्थेने घ्यायचे तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) रजिस्ट्रेशन किंवा आधी परवानगी लागते, रजिस्ट्रेशनला संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि पैसे आधी स्टेट बँकेच्या दिल्लीच्या मेन ब्रांचमध्येच यावे लागतात. नवीन संस्थेने या वाटेला घाईत जाऊ नये.

आणि वहिनींच्या हातात सरळ रक्कम द्यायची ठरली तर हे बघा, नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात सगळे मिळून ५०,०००च्या वर पैसे आले तर ती पूर्ण रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. इन्कम टॅक्सकडे नोंदलेल्या ट्रस्टकडून मदत आली तर तसं होत नाही. आपल्या कॉलेजची जुनी अल्युमनाय असोसिएशन रजिस्टर्ड असेल तर तिच्यामार्फत द्या, नवीन संस्था काढत बसू नका. एकदा सीएला दाखवून घ्या.

नायर_९४

आजारपणाच्या बातमीवर मला बोलायचंय, कारण ती बातमी मी होते.

२०१७ला मला ब्रेस्ट कॅन्सर निघाला. बायोप्सीचा रिपोर्ट मी एका मैत्रिणीला दाखवला, तिने काळजीपोटी आणखी एकीला सांगितलं, आणि संध्याकाळी दीडशे जणांच्या ग्रुपवर माझ्या नावाने प्रार्थनेचा मेसेज. मी तोवर आईला सांगितलं नव्हतं. आईला तो मेसेज नाशिकच्या मावशीकडून गेला. दुसऱ्या दिवशी ओपीडीत पेशंट विचारायला लागले मॅडम तुम्ही बंद करणार का.

त्या सगळ्यांनी पुढे माझ्यासाठी जे केलं ते मी विसरणार नाही, केमोच्या प्रत्येक सायकलला कुणी ना कुणी बरोबर होतं, माझी ओपीडी दोघांनी चार महिने चालवली आणि एक पैसा घेतला नाही. तरी ती संध्याकाळ मनातून जात नाही. आपण पेशंटची केस लिफ्टमध्ये बोलत नाही, मग बॅचमेटची का बोलतो?

आता आमच्याकडे असं आहे की आजारपण कळलं तर ते टेबलवाल्यासारख्या एकाच माणसाकडे थांबतं, आमच्याकडे दोघी आहेत. त्या फोन करून विचारतात, कुणाकुणाला सांगू, काय शब्दांत सांगू, आणि नको म्हटलं तर नको. "काही लागलं तर सांग" असं कुणी म्हणायचं नाही हापण नियम केलाय, कारण आजारी माणूस सांगत नाही. मंगळवारी मी डबा पाठवते, गुरुवारी गाडी येईल, असं बोलायचं.

भायखळा_जुना

ग्रँट मेडिकल, १९७१. आमच्या वयाला बातम्या बहुतेक जाण्याच्याच असतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी जे येऊ शकतात ते भेटतात, न आलेल्यांना तिथूनच फोन लावतो, स्पीकरवर. आठ-दहा मिनिटं लागतात.

आमचं कॉलेज १८४५चं. भाऊ दाजी लाड पहिल्या काही विद्यार्थ्यांतले, १८५१ला पास झाले. ते आणि त्यांचे भाऊ नारायण दाजी, दोघं आमच्याच कॉलेजचे, दोघांनी मिळून मुंबईत गरिबांसाठी धर्मादाय दवाखाना चालवला. म्हणजे साधी प्रॅक्टिस हो. डोंबिवलीच्या मॅडमना हे मुद्दाम सांगतोय.

आमच्यातल्या तिघांनी देहदान केलंय. फॉर्म भरला असला तरी घरच्यांना नीट सांगून ठेवा, वेळेवर मृत्यूचा दाखला हातात लागतो, पोस्टमॉर्टेम झालेलं असेल तर ॲनाटॉमीवाले घेत नाहीत, आणि डोळे द्यायचे तर मृत्यूनंतर सहा तासांच्या आत.

भूलतज्ज्ञ_ठाणे

सगळ्यांचे आभार मानायला शब्द नाहीत. नायरच्या मॅडम, तुमचं लिहिलेलं मी नवऱ्याला वाचून दाखवलं.

काल आम्ही चौघं अंबरनाथला जाऊन आलो. वहिनींना आधी फोन करून विचारलं येऊ का. पैशांचा विषय त्यांनीच बाजूला ठेवला, मुलगी बी.फार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे, फी भरलीये म्हणाल्या, पुढे लागलं तर सांगेन. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. क्लिनिक बंद आहे पण त्याचे जुने डायबेटिसचे पेशंट अजून दाराशी येऊन परत जातात, त्यांना विश्वासाचं कुणी द्या. कंपाऊंडर बावीस वर्षं होता, त्यालापण काम हवंय. आमच्या बॅचची एक जीपी बदलापूरला आहे, ती आठवड्यातून दोन संध्याकाळी तिथे बसायला तयार झालीये, पुढच्या सोमवारपासून.

दुसरं म्हणजे त्यांच्याकडे त्याचा कॉलेजातला एकही फोटो नव्हता. माझ्याकडे एक निघाला, फर्स्ट एमबीचा, डिसेक्शन हॉलच्या पायऱ्यांवर, ॲप्रन चुरगळलेला आणि हातात कुणाचा तरी डबा. तो मोठा करून दिला.

पैसे जुन्या असोसिएशनकडे वळवायचं पत्र तयार करतोय. आणि टेबलांची यादी लागली, एकाने रोल नंबरची वही जपून ठेवली होती. वीस टेबलं, सतरांना माणूस मिळाला. टेबल नंबर सहावरच्या एकाचा पत्ता कुणालाच नाही, इंटर्नशिपनंतर तो अकोल्याकडे गेला होता एवढंच आठवतं. तिकडे प्रॅक्टिस करणारं कुणी इथे असेल तर मला मेसेज करा, नाव मी तिथे सांगते.