जर्मनीला एक्सचेंजला जातोय, विषय सस्टेनेबिलिटी. रावेरच्या पोराने तिथे सांगायचं काय?

केळीवाला_रावेर
नमस्कार मंडळी. जळगावला इंजिनिअरिंग थर्ड इयरला आहे, घरी केळी. कॉलेजमधून 12 जण जर्मनीत फ्रायबुर्गला दोन आठवडे स्टुडंट एक्सचेंजला चाललेत, त्यात माझाही नंबर लागला. अर्धा खर्च ते देतात, अर्धा पप्पा, म्हणजे यंदा केळीला भाव मिळाला तरच माझं विमान उडणार. तिथे बघण्यासारखं नक्की काय आहे की नुसते फोटो काढून यायचं? आणि दुसरं म्हणजे तिथे प्रत्येकाला 'आमच्या भागातली सस्टेनेबिलिटी' यावर 10 मिनिटं बोलायचंय. आमच्याकडे मे मध्ये पारा 45 च्या वर, बोअर दरवर्षी खोल, काय सांगू त्यांना? सर म्हणे नेटवरून पीपीटी उतरव.

चोपड्याची_माई
मी गेलेली आहे, त्याच गावी. पहिली गोष्ट, पीपीटी उतरवू नको, सगळे तेच उतरवतात.

बघायचं म्हणशील तर व्होबाँ नावाची वस्ती बघ. आधी तिथे फ्रेंच सैन्याच्या बराकी होत्या, ते 1992 ला गेले आणि मग लोकांनी बसून ठरवून वसवली. गाडी ठेवायची असेल तर वस्तीच्या कडेला पार्किंगची बिल्डिंग, तिची जागा वेगळी विकत घ्यायची, घरापुढे गाडी लावायची नाही, त्यामुळे गल्लीत पोरं खेळतात. ट्रॅमचे रूळ गवतातून जातात, ते पाहून मला उगाच भुसावळचं यार्ड आठवलं.

बाटल्यांचं पण बघ. प्लास्टिकची पाण्याची बाटली घेतली की 25 सेंट जास्तीचे कापतात, त्याला फांड म्हणतात, रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की पावती येते आणि ती काउंटरला दिली की पैसे परत. आमच्या ग्रुपमधल्या पोरांनी पहिल्या दिवशी बाटल्या चेपून चेपून बॅगेत भरल्या, मग मशीन घेईना, बारकोड वाचता आला पाहिजे. आणि कचराकुंडीशेजारी लोक बाटल्या उभ्या करून ठेवतात, गोळा करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला कुंडीत हात घालावा लागू नये म्हणून. मला तिथल्या छपरांवरच्या सोलरपेक्षा हे जास्त लक्षात राहिलं.

रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच किराणा घे. बिबडे आणि कळण्याचं पीठ सोबत ने, दोन आठवडे ब्रेडवर निघत नाहीत.

साक्रीकर
भाऊ, बठ्ठं आपला गावमाच शे.

मुंबई ते फ्रँकफर्ट जाऊन येऊन माणशी साधारण एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि आपल्या देशात एक माणूस वर्षभरात दोन टनांच्या आसपास सोडतो. म्हणजे सस्टेनेबिलिटी शिकायला जाताना अर्ध्या वर्षाची उधळपट्टी. जाऊ नको म्हणत नाही, पण मग रिकाम्या हाताने जाऊ नको.

आमच्या पांझरा नदीवरची फड पद्धत माहितीये का? नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. पाणी कमी पडलं की यंदा किती फड भिजवायचे ते सगळे मिळून ठरवणार, मग तुझा ऊस त्यात असो की नसो. कित्येक शे वर्षांपूर्वीची पद्धत, धरणं आणि विहिरी आल्यावर बऱ्याच ठिकाणी मोडली. हे जर्मनांना सांग. मोडली कशी तेही सांग, नुसतं गोड सांगू नको.

आणि आमच्याच तालुक्यात बारीपाडा आहे, चैत्राम पवारांचं, 2025 ला पद्मश्री मिळाली त्यांना. गावाने जंगल राखलं, झाड तोडणाऱ्याला दंड लावला, विहिरींना पाणी आलं. रविवारी ये, एका दिवसात होतं.

चोपड्याची_माई
साक्रीकर दादा बरोबर बोलले. आणि गंमत ऐक, फ्रायबुर्गच्या जुन्या गावात रस्त्याकडेने उघडे पाट वाहतात, बेश्ले म्हणतात, ड्रायझाम नदीचं पाणी, मध्ययुगापासूनचे. चुकून पाय पडला तर तिथल्याच माणसाशी लग्न होतं म्हणे. माझा दोनदा पडला, काही झालं नाही. तुझा फडाचा पाट दाखवलास तर त्यांना लगेच समजेल.

आणखी एक, तिथे जवळच वील गावी अणुवीज प्रकल्प येणार होता. 1975 ला द्राक्षं पिकवणारे शेतकरी आणि आसपासची गावं जागेवर जाऊन बसली आणि प्रकल्प झालाच नाही. आम्हाला सांगणारे म्हणाले की फ्रायबुर्गची सोलरची गोष्ट तिथून सुरू झाली. म्हणजे सुरुवात शेतकऱ्यांचीच.

दीपनगरवाला
माई, तिकडे सांगायला ठीक आहे, इकडे आमच्या घराच्या गच्चीवर औष्णिकची राख येते आणि त्याच विजेवर याच्या केळीची मोटर चालते, ते पण सांगू दे. भाऊ मला एक सांग, तुमच्या घडांना घालतात त्या स्कर्टिंग बॅगा आणि ठिबकच्या जुन्या नळ्या, त्यांचं पुढे काय करता?

केळीवाला_रावेर
दीपनगरवाला भाऊ, तुमचा प्रश्न जेवताना पप्पांना विचारला. नळ्या भंगारवाला किलोवर नेतो म्हणे, म्हणजे आपला फांड आहेच की, फक्त मशीन नाही. बॅगांचं विचारलं तर गप्प बसले. मग आई म्हणाली बांधावर पेटवतात, मीच काडी लावते. पप्पा म्हणे तू जर्मनीला जा, पण येऊन मला भाषण देऊ नको.

साक्रीकर काका, रविवारी नक्की येतो. जळगावहून सकाळची एसटी कितीची?