अंतर्गत लेखापरीक्षणात तोंडी उत्तर पुरावा ठरते का?

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या जिनिंग कारखान्यात, ‘प्रत्येक गाडीतील कापसाचा ओलावा मोजतो’ असे कामगार सांगतात. एवढ्यावर अनुरूपता, म्हणजे काम ठरलेल्या नियमांप्रमाणे होते असा निष्कर्ष, नोंदवावी का?

उत्तर १: नाही. मुलाखतीतून दिशा मिळते. परंतु आयएसओ १९०११:२०१८ या व्यवस्थापन प्रणालींच्या लेखापरीक्षणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मानकानुसार काही प्रमाणात तरी पडताळता येणारी माहितीच लेखापरीक्षणाचा पुरावा ठरते, म्हणून काटापावतीचा क्रमांक, ओलाव्याची नोंद, तारीख आणि ओलावामापकाच्या कॅलिब्रेशनची (अचूकता-तपासणीची) मुदत, हे सारे एकमेकांशी ताडून आपल्या टिपणात लिहावे.

उत्तर २: सहमत. मात्र तपासायच्या नोंदींचे नमुने स्वतः निवडा, विभागप्रमुखाला निवडू देऊ नका. दिवाळीनंतर आवारात गाड्यांची रांग लागते, त्या दिवसांच्या नोंदी अवश्य घ्या, कारण मोजणी टाळण्याचा मोह तेव्हाच अधिक असतो.

उत्तर ३: शिवाय एका गाडीची मोजणी समोर उभे राहून पाहावी.