‘गाणं लागत नाही’ आणि ‘गाणं वाजत नाही’

गोदाकाठ:
पंचवटीतल्या आमच्या भजनी मंडळासाठी रास्पबेरी पाय ४ या छोट्या एकपाटी संगणकावर जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायची सोय केली आहे. एका डब्यात बोर्ड, त्याच्या चाळीस पिनांवर बसवलेलं डॅक कार्ड (डिजिटल आवाज ॲम्प्लिफायरला देण्याजोगा करणारं), बाजूला पेनड्राइव्ह आणि मंडळाचा जुना ॲम्प्लिफायर. पडदा नाही, सगळं फोनवरून चालतं. यंत्र मार्गी लागलं. आता डब्याशेजारी चिकटवायला एक मराठी कागद लिहायचा आहे आणि तिथे गाडी अडली आहे. नामांची चिंता नाही; कार्ड, बोर्ड, पेनड्राइव्ह सगळ्यांना कळतात. क्रियापदांचं काय करावं? इन्स्टॉल, माउंट, प्ले, स्टॉप, शटडाउन. एका ॲपच्या मराठी रूपात प्लेसाठी ‘वादन सुरू करा’ असं वाचलं. आमच्या मंडळात असं लिहिलं तर कुणीतरी पेटी उघडून बसेल.

सातपूरकर:
प्लेला ‘लाव’. यात चर्चा कसली? रेडिओ लाव, टेप लाव, अभंग लाव. ‘गाणं चालव’ हे हिंदीच्या वाटेने आलंय, माझ्या कानाला अजून खटकतं. ‘वाजव’ मात्र ज्याच्या हातात वाद्य आहे त्याला म्हणायचं. टाळ वाजव, गाणं लाव.

षड्ज:
लावणे इतकं सरसकट वापरू नका. तंबोरा लावतात, सूर लावतात, कुकर लावतात, विरजण लावतात. आणि दार लावतात तेव्हा ते बंद होतं! दिवा लावला तर पेटतो, खिडकी लावली तर मिटते. यंत्राच्या बटणावर नुसतं ‘लावा’ लिहिलंत तर चालू की बंद?

सातपूरकर:
नुसतं लिहूच नये, कर्म सोबत हवंच. ‘भजन लावा’ म्हटल्यावर कोणी भजन मिटणार नाही.

कॉलेजरोड:
मला इथे लावणेपेक्षा लागणे जास्त कामाचं वाटतं. लावणे हे लागणेचं प्रयोजक रूप. आपण दिवा लावतो, मग दिवा लागतो. आपण गाणं लावतो, मग गाणं लागतं. म्हणजे माणसाने काय केलं आणि यंत्रात काय झालं, या दोन्हींसाठी एकाच धातूची रूपं तयार आहेत. त्याच्या शेजारी ‘वाजणे’ ठेवून बघा. ‘गाणं लागत नाही’ आणि ‘गाणं लागलंय पण वाजत नाही’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि बोर्डावर त्या दोन वेगळ्या ठिकाणी दुरुस्त होतात.

लागत नाही, म्हणजे गाण्यांची यादीच रिकामी आहे किंवा नाव दाबलं तरी काही हलत नाही. अशा वेळी वायरींना हात लावू नये. बहुतेकदा पेनड्राइव्ह माउंट झालेला, म्हणजे यंत्राच्या एका फोल्डरला जोडला गेलेला, नसतो. एमपीडीला, म्हणजे बोर्डावर गाणी लावणाऱ्या प्रोग्रॅमला, ज्या फोल्डरमध्ये बघायला सांगितलंय तो फोल्डर जागेवर असतो, पण आत काही नसतं. कुठला ड्राइव्ह कुठे जोडायचा हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये ड्राइव्हची नोंद यूयूआयडीने (त्याच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकाने) करावी आणि सोबत ‘नोफेल’ (ड्राइव्ह नसला तरी अडू नकोस) लिहावं. ते नसेल आणि पेनड्राइव्ह कुणी काढून नेला असेल, तर बूट, म्हणजे यंत्र सुरू होणं, अर्ध्यावर अडून बसू शकतं. ड्राइव्ह जागेवर आला की एमपीडीची यादी एकदा अद्ययावत करून घ्यायची.

लागलंय पण वाजत नाही, म्हणजे फोनवर गाण्याचं नाव दिसतंय, सेकंद पुढे सरकतायत आणि स्पीकर मुका. इथे एमपीडीचा काही दोष नाही, त्याने आपलं काम केलं. आवाज भलत्याच दाराने बाहेर पडतोय. बोर्डावरच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा आवाज सांभाळणारा भाग म्हणजे अल्सा; ते प्रत्येक ध्वनिकार्डाला क्रमांक देतं. एचडीएमआयला शून्य मिळाला आणि डॅकला एक, तर गाणं न जोडलेल्या टीव्हीकडे जात राहतं. ‘एप्ले’ आज्ञेला कार्डांची यादी विचारायची आणि एमपीडीच्या आउटपुटमध्ये डॅक क्रमांकाने न लिहिता नावाने लिहायचा, कारण क्रमांक पुढच्या बूटला बदलू शकतात.

मंडळातल्या कुणी फोन करून यातलं नेमकं क्रियापद सांगितलं तर निम्मं निदान तिथेच झालं.

गोदाकाठ:
हे कागदावर जाणार. आमच्यातल्या एक काकू आधीपासूनच ‘लागलंय पण वाजत नाहीये’ असं म्हणतात, मी लक्षच दिलं नव्हतं.

जुनंनाशिक:
एमपीडी म्हणजे म्युझिक प्लेअर डीमन ना? भजनी मंडळाच्या कागदावर डीमन लिहू नका म्हणजे झालं. वेताळ लिहा, निदान ओळखीचा तरी आहे.

कॉलेजरोड:
ते नाव राक्षसावरून आलेलं नाही. एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या प्रोजेक्ट मॅक या संगणक प्रकल्पात १९६३ च्या सुमारास ते रूढ झालं, भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या विचारप्रयोगातल्या जिवावरून. तो न दिसता रेणू निवडत बसतो, हा न दिसता पार्श्वभूमीला काम करत बसतो. पण कागदावर खरंच नको. जे दिसत नाही आणि ज्याला कुणी हात लावणार नाही, त्याचं नाव वापरणाऱ्याला कशाला?

षड्ज:
माउंटला ‘आरोहण’ सुचवणार होतो, पण आमच्याकडे आरोहण म्हणजे सा रे ग म. जाऊ दे.

सातपूरकर:
जुन्या संगणकांवर टेपची रिळं आणि डिस्क माणूस उचलून यंत्रावर चढवायचा, माउंट शब्द तिथला. म्हणून ‘चढवणे’ अर्थाने बरोबर बसतं. पण ‘पेनड्राइव्ह चढवा’ म्हटलं तर लोक तो ॲम्प्लिफायरवर नेऊन ठेवतील. कॅसेटच्या काळात आपण काय म्हणायचो? कॅसेट टाक आणि गाणं लाव. आता पेनड्राइव्ह खोच आणि भजन लाव. मधलं माउंट आपोआप होऊ द्या, त्याला शब्दच लागणार नाही.

गोदाकाठ:
पटलं. इन्स्टॉलला ‘टाकणे’ लिहितोय. विंडोज टाकली, ॲप टाकलं, सगळे असंच म्हणतात. कागदाच्या मागच्या बाजूला, बोर्ड ज्यावरून सुरू होतो ते मेमरी कार्ड बिघडलं तर काय करायचं त्यासाठी: ‘कार्डावर नवीन इमेज टाका’. इमेज म्हणजे अख्खी यंत्रणा भरलेली एक फाइल.

इंदिरानगर:
इथे टाकणे नको. मोबाइलच्या दुकानात कार्डात गाणी टाकून मिळायची, त्यामुळे टाकणे म्हटलं की लोकांना कॉपी-पेस्ट दिसतं. आमच्या ओळखीत एकाने मूड ऑडिओ या गाणी लावायच्या तयार यंत्रणेची इमेज उतरवली आणि ती फाइल जशीच्या तशी कार्डावर टाकली. बोर्ड ढिम्म. पायला कार्डावर अख्खी फाइल नको असते, त्या फाइलच्या आतला बूट विभाग आणि लिनक्सचा विभाग कार्डावर उमटलेले हवे असतात. ते काम इमेजर नावाचा प्रोग्रॅम करतो आणि ते करताना कार्डावरचं आधीचं सगळं पुसून टाकतो. म्हणून फाइल टाकायची, इमेज लिहायची. सीडी राइट करणाऱ्या पिढीला ‘लिहिणे’ लगेच कळतं.

षड्ज:
‘मारणे’ही ऐकलंय. ‘नवीन ओएस मारून दे.’

इंदिरानगर:
दुकानात ठीक आहे. भजनी मंडळात नको.

जुनंनाशिक:
सगळे प्लेच्या मागे लागलात, खरी मेख ‘बंद कर’मध्ये आहे. मराठीत गाणंही बंद करतात, यंत्रही बंद करतात आणि भिंतीवरचं बटणही. भजन संपलं की कुणीतरी म्हणणार ‘बंद कर रे ते’, आणि दाराजवळचा मुलगा सरळ भिंतीवरचं बटण खाली पाडणार. लिनक्स त्याच वेळी कार्डावर काही लिहीत असेल तर फाइल अर्धवट राहते, आणि कधीतरी त्यातूनच कार्ड उठत नाही. पाय ४ ला पॉवरचं बटणच नाही, ते पाय ५ ला आलं आणि तिथे हेडफोनचा जॅक गेला. त्यामुळे लोकांचा हात भिंतीकडेच जातो.

माझ्या मते तीन गोष्टींना तीन क्रियापदं द्या. भजन थांबवा. यंत्र बंद करा, फोनवरून. मग भिंतीतली पिन काढा. ‘बंद’ हा शब्द कागदावर एकदाच येऊ द्या.

कॉलेजरोड:
आणि पिन कधी काढायची तेही लिहा. हिरवा दिवा लुकलुकायचा थांबून विझला की. लाल दिवा तसाच जळत राहतो, तो फक्त वीज येतेय एवढं सांगतो. नाहीतर मंडळी लाल दिवा जायची वाट बघत रात्रभर बसतील.

गोदाकाठ:
पुढची बाजू अशी झाली:

पेनड्राइव्ह खोचलेला आहे ना, बघा. फोनवर नाव दाबून भजन लावा. यादी रिकामी असेल तर ‘लागत नाही’ असं कळवा. नाव दिसतंय पण आवाज नसेल तर आधी ॲम्प्लिफायर बघा, मग ‘वाजत नाही’ असं कळवा. झाल्यावर भजन थांबवा. फोनवरून यंत्र बंद करा. हिरवा दिवा विझल्यावर पिन काढा.

षड्ज:
‘आधी ॲम्प्लिफायर बघा’ याचा अर्थ लोक खरंच नुसतं बघण्यापुरता घेतील. ‘ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवून बघा’ असं करा.

गोदाकाठ:
केलं.