सहा फुटी इको-सॉल्व्हंट मशीन : कॅरेज फिरतंय, पण व्हिनाइलवर एक ठिपकाही नाही

व्हिनाइलवाली (बार्शी)

नमस्कार. बार्शीत आमचं प्रिंटिंगचं छोटं दुकान आहे. मशीन सहा फुटी, इंक उडवणारं हेड एकच, एक्सपी ६०० चं, इको-सॉल्व्हंट (सौम्य सॉल्व्हंटची) इंक. काल दुपारी एका मंडळाच्या स्वागतफलकाचं व्हिनाइल लावलं होतं. गणपतीच्या कपाळापर्यंत छपाई अगदी स्वच्छ आली आणि सोंड सुरू होते तिथून सगळं कोरं. रंग फिका होत गेला, पट्टे पडले, असं काही नाही. हेडच्या एका फेरीला, म्हणजे पासला, चारही रंग होते, पुढच्या पासला एकही नाही. हेड वाहून नेणारं कॅरेज इकडून तिकडे फिरतंय, व्हिनाइल पुढे सरकतंय, कॉम्प्युटरवर काम पूर्ण झाल्याचं दाखवतंय. एरर कसलीच नाही.

नोझल टेस्ट (हेडची बारीक छिद्रं तपासायची छपाई) काढली, कागद पांढराशुभ्र. क्लीनिंग दिलं तर वेस्टच्या बाटलीत इंक पडते. सबटँक (इंकेच्या छोट्या टाक्या) भरलेले आहेत. मशीन बंद-चालू करून झालं. ज्यांच्याकडून मशीन घेतलं त्यांच्या माणसाला फोन लावला, त्याने न बघताच हेड गेलं म्हणून सांगितलं. गणपती तोंडावर आलेत, मंडळांची कामं घेऊन ठेवलेली आहेत. हेड खरंच गेलं असेल तर आणीन, पण नुसत्या फोनवरच्या शब्दावर एवढे पैसे घालायचे नाहीत. हेड गेलंय की दुसरं काही, हे आपलं आपल्याला ओळखता येतं का?

रोल_टू_रोल (नाशिक)

हेड चोक झालं असणार. डॅम्पर (हेडवरची इंकेची छोटी डबी) काढा, सिरिंजने क्लीनिंग सोल्युशन मारा. नाहीच उतरलं तर थोडं थिनर घालून बघा. आमच्या दहा फुटी फ्लेक्स मशीनला आम्ही तेच वापरतो.

इंकमिस्त्री (इचलकरंजी)

ताई, सिरिंज बाजूला ठेवा. थिनर तर त्या मशीनजवळ आणूच नका. नाशिकच्या दादांच्या फ्लेक्स मशीनची हेडं कडक सॉल्व्हंट सोसतील अशीच बनवलेली असतात. तुमचं हेड एप्सनचं. त्यात थर चिकटवून बसवलेले असतात, थिनरने तो गोंद सुटतो आणि मग एका रंगाची इंक दुसऱ्या रंगात शिरते. असं हेड परत जुळत नाही.

अर्धं उत्तर तुमच्या प्रश्नातच आलंय. या हेडला सहा चॅनल, प्रत्येकात १८० नोझल, म्हणजे एकूण १०८०. हेड सुकायला लागलं की आधी कडेचे दोन-चार नोझल जातात, मग एखादा रंग तुटक येतो. डॅम्पर चोंदला तर एकच रंग जातो. चालू कामात, एका पासमध्ये, सगळेच्या सगळे नोझल सुकलेले मी तरी कधी पाहिले नाहीत. त्यात वेस्टमध्ये इंक येतेय, म्हणजे पंप ओढतोय आणि इंक हेडमधून खाली उतरतेय. खात्री हवी तर क्लीनिंगनंतर हेडच्या खाली टिश्यू अलगद टेकवा. घासू नका, नुसता टेकवा. चारही रंगांचे ओले पट्टे उमटले तर इंकेची वाट मोकळी आहे.

मग राहिला सिग्नल. हे हेड गरम होऊन इंक उडवत नाही. आत पिएझोचा बारीक पापुद्रा असतो, त्याला व्होल्टेज मिळालं की तो वाकतो आणि थेंब बाहेर ढकलतो. व्होल्टेज नाही, तर इंक तोंडाशी येऊनही थेंब पडणार नाही. कॅरेजची आणि मीडियाची मोटर वेगळ्या वायरींवर चालते, म्हणून ती आपली फिरत राहतात आणि मशीनला वाटतं सगळं ठीक आहे.

आता मशीन बंद करा. नुसतं बटण नाही, प्लग भिंतीतून काढा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोर्डवरच्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरू द्या. मग कॅरेजचं झाकण काढा. कॅरेज बोर्डवरून हेडला चपट्या पांढऱ्या केबली गेल्यात. त्या हेडमध्ये जिथे शिरतात तिथे टॉर्च मारून बघा. चमकत्या रेघांवर रंग दिसतोय का, एखादी रेघ काळी पडलीय का. त्याच्या अगदी वर डॅम्पर असतात, त्यांच्या नटाखाली बोट फिरवा. बोट रंगलं तर इथे लिहा. केबल ओढताना हाताला आणि मशीनला अर्थिंग असू द्या, आणि कोणती केबल कोणत्या खाचेत होती त्याचा आधी फोटो काढून ठेवा.

व्हिनाइलवाली (बार्शी)

दादा, टिश्यूवर चारही पट्टे आले. झाकण काढलं. मॅजेंटाच्या डॅम्परखाली बोट लालगुलाबी झालं. तिथून इंक बारीक ओघळ धरून केबलच्या टोकापर्यंत गेलीय, केबल वाळून कडक झालीय. कडेच्या दोन रेघांवर काळा डाग आहे, प्लॅस्टिक जरा वितळल्यासारखं वाटतं. समोरचे आमचे मोबाइल रिपेअरवाले मीटर घेऊन आले होते. बोर्डवर एक छोटा फ्यूज आहे, त्यावर बीप वाजत नाही. ते म्हणाले वायरचा तुकडा टाकून जोडून देतो. मी थांबवलंय.

इंकमिस्त्री (इचलकरंजी)

थांबवलंत ते फार चांगलं केलंत. त्या फ्यूजने आपलं काम केलंय. तिथे वायर टाकली असती तर पुढचा शॉर्ट थेट हेड आणि बोर्डवर गेला असता, आणि मग तुमचा फोनवरचा माणूस खरा ठरला असता.

काळी पडलेली केबल पुसून परत लावायची नाही. रेघेवरचा मुलामा गेलेला असतो, आज चालेल आणि ऐन विसर्जनाच्या आदल्या रात्री पुन्हा बंद पडेल. नवी आणताना जुनी बरोबर न्या. रेघांची संख्या आणि लांबी तीच हवी, शिवाय दोन्ही टोकांच्या चमकत्या बाजू एकाच अंगाला आहेत की उलट, ते जुळवून घ्या. दुकानदार पुष्कळदा लांबी जुळली की झालं म्हणतो. उलटी केबल लागली तर चालू करताक्षणी हेड जातं.

मॅजेंटाचा डॅम्पर आणि त्याची ओ-रिंग दोन्ही नवीन टाका. नट हाताने आवळा, पक्कड लावू नका, त्यानेच रिंग चिरते. हेडच्या खाचेत इंक गेली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या काडीने टिपून घ्या आणि पूर्ण वाळू द्या. घाई इथे अजिबात नको. इचलकरंजीत मागाचा कापूस हवेत उडतो, खाचेत एक तंतू राहिला तरी तो इंक धरून ठेवतो, म्हणून मी भिंगातून बघितल्याशिवाय केबल लावत नाही.

नवा फ्यूज त्याच अँपिअरचा. पहिल्यांदा चालू कराल तेव्हा केबल हेडला जोडू नका. फ्यूज टिकला तर बोर्डवर शॉर्ट नाही. मग पुन्हा प्लग काढून, थांबून, केबल सरळ बसवा. खाचेच्या काठाशी ती रेष समांतर दिसली पाहिजे, तिरकी नको. आता चालू केल्यावर फ्यूज उडाला तर मात्र हेडमध्ये शॉर्ट आहे, तेव्हा नवं हेड आणा. फ्यूज टिकला आणि एखाद-दुसरा रंगच आला नाही, तर कॅरेज बोर्डवरचे ड्रायव्हर ट्रान्झिस्टर बघावे लागतील. ते इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचं काम, हेड बदलून ते सुटत नाही.

रोल_टू_रोल (नाशिक)

थिनरचं पटलं, इको मशीनवर मी कधी काम केलं नव्हतं. एक गोष्ट मात्र आमच्याकडची सांगतो. अर्थिंग तपासून घ्या. मीटर एसीवर ठेवून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात किती दाखवतं बघा.

इंकमिस्त्री (इचलकरंजी)

हे नाशिकच्या दादांनी अगदी बरोबर सांगितलं. दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवत असेल तर आधी अर्थिंग. गाळ्यांमध्ये बहुतेक ठिकाणी अर्थची वायर बोर्डात नुसती लोंबत असते. मीठ-कोळशाचा खड्डा करून प्लेट गाडलेली असली तरी उन्हाळ्यात पाणी घातलं नाही तर ती निकामीच. व्हिनाइल रोलवरून उलगडताना स्टॅटिक तयार होतं, त्याला जायला वाट हवी, नाहीतर ते हेड आणि बोर्ड शोधतं.

व्हिनाइलवाली (बार्शी)

केबली, फ्यूज, डॅम्पर सगळं सोलापूरहून आणलं. तुम्ही सांगितलेल्या क्रमाने केलं. फ्यूज टिकला. नोझल टेस्टला चारही रंग आले! सायन, मॅजेंटा, ब्लॅक पूर्ण आहेत. यलोच्या खालच्या भागात सात-आठ रेघा नाहीत, दर टेस्टला जागा बदलते. न्यूट्रल-अर्थमध्ये मीटर नऊ व्होल्ट दाखवतो, वायरमनला सांगितलंय. यलोसाठी पुन्हा जोरात क्लीनिंग देऊ का?

इंकमिस्त्री (इचलकरंजी)

नको. जागा बदलतेय म्हणजे नोझल बुजलेले नाहीत, हवा आहे. झाकण उघडून डॅम्पर हलवताना लाइनमध्ये शिरली असणार. यलोचा डॅम्पर अर्ध्याच्या खाली दिसत असेल तर सिरिंजने हळू ओढून भरून घ्या. ढकलायचं नाही, ओढायचं. कॅपचा, म्हणजे हेड ज्यावर विसावतं त्या झाकणाचा, रबर काठ पुसून घ्या, कॅपमध्ये क्लीनिंग सोल्युशनचे थेंब सोडा आणि हेड रात्रभर कॅपवर बसू द्या. सकाळी एक साधं क्लीनिंग, मग टेस्ट. आणि वायरमन येऊन जाईपर्यंत मोठी कामं लावू नका, नऊ व्होल्ट फार झाले.

व्हिनाइलवाली (बार्शी)

वायरमन उद्या सकाळी येतोय. तोवर मंडळाला थांबायला सांगितलंय, तो फलक अर्थिंग झाल्यावरच लावीन.