पीएसपीचा खेळ फोनवर अडखळतोय

कृष्णाकाठ (सांगली):
धाकट्या भावाच्या पीएसपीची (सोनीचं हातात धरून खेळायचं यंत्र) बॅटरी फुगली, म्हणून त्याचे खेळ माझ्या अँड्रॉइड फोनवर पीपीएसएसपीपी या पीएसपीची नक्कल करणाऱ्या अ‍ॅपमध्ये लावले. दहा मिनिटं झकास, मग शर्यतीतली गाडी अडखळते, आवाज तुटतो. जुन्या यंत्राचा प्रोसेसर जेमतेम 333 मेगाहर्ट्झचा. फोन कितीतरी वेगवान, मग अडतंय कुठं?

विश्रामबाग रिपेअर (सांगली):
भावा, नुसत्या मेगाहर्ट्झवर जाऊ नको. पीएसपीचा प्रोसेसर एमआयपीएस जातीचा, तुझ्या फोनचा एआरएम, दोघांच्या आज्ञांची भाषा वेगळी. खेळातल्या आज्ञा चालता चालता बदलून घ्याव्या लागतात, ते काम अ‍ॅपमधला जेआयटी हा अनुवादक करतो. शिवाय ग्राफिक्स चिप आणि आवाजाचीही नक्कल, तीही वेळ जुळवून. एक मागं पडलं की आवाज तुटणारच.
पण तुझं दहा मिनिटांनी बिघडतंय, म्हणजे बहुतेक फोन तापून वेग उतरवतोय. रिझोल्यूशन बघ. मूळ पडदा 480×272 चा. लांबी-रुंदी पाचपट ठेवलीस तर पिक्सेल 25 पट होतात. दुपटीवर आण, ग्राफिक्ससाठी व्हल्कन हा पर्याय निवडून बघ, कव्हर काढ. चार्जिंगला लावून तर अजिबात खेळू नको, आणि सांगलीच्या मे महिन्यात पंख्याखाली बस!

अजिंक्यतारा (सातारा):
फ्रेमस्किप (मधली चित्रं गाळणं) शेवटचा उपाय म्हणून लाव, हालचाल तुटक दिसते.

कृष्णाकाठ (सांगली):
दुप्पट केलं, कव्हर काढलं, आवाज सलग येतोय. लई आभार! आता काचेवर अंगठा घसरतो. ब्लूटूथ कंट्रोलर घेऊ का?

विश्रामबाग रिपेअर (सांगली):
शर्यतीला टाइप-सीला थेट जोडायचा घे. ब्लूटूथला बटण जरा उशिरा लागतं.