पेसाहला जेरुसलेमात खरंच २७ लाख माणसं?

त्रिज्या
काल इथे एक पोस्ट आली: "दुसऱ्या मंदिराच्या काळात पेसाहच्या यात्रेला जेरुसलेमात २७ लाख माणूस जमे. ही प्रत्यक्ष मोजणी आहे, शंका असेल त्याने योसेफस वाचावा." वाचलाय. रात्रभर डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलो. पेसाह हा ज्यूंचा सण, मिसरच्या गुलामीतून सुटल्याची आठवण; तेव्हा मंदिरात कोकरं कापायची आणि टोळी करून खायची. दुसरं मंदिर म्हणजे रोमनांनी इ.स. ७० मध्ये पाडलं ते.

योसेफस हा पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार, तो सांगतो ते असं. रोमचा नीरो बादशहा ज्यूंना खिजगणतीत धरत नव्हता. शहराची ताकद त्याला कळावी म्हणून सिरियाचा सुभेदार सेस्टियस गॅलस याने याजकांना गणती करायला सांगितलं. याजकांनी दिवसाच्या नवव्या ते अकराव्या तासात, म्हणजे दुपारी तीन ते पाच, कापलेली कोकरं मोजली: २,५५,६०० (काही हस्तलिखितांत २,५६,५००). कोकरामागे निदान दहा माणसं, म्हणून २७ लाख. दहाने गुणून बघा, साडेपंचवीस येतात. आणि दोन तासांचे सेकंद होतात ७,२००. सेकंदाला साडेपस्तीस कोकरं! हे कुणी डोळ्यांसमोर आणून बघितलं आहे का?

मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या जुन्या नियमसंग्रहात, मंदिराच्या आतल्या प्रांगणाचं माप आहे, १८७ हात बाय १३५ हात. हात अर्ध्या मीटरचा धरला तर सहा हजार तीनशे चौरस मीटर, आणि त्यातच मंदिराची इमारत, त्यातच वेदी. लोक तीन पाळ्यांत आत घेत. जर्मन अभ्यासक योआखिम येरेमियासने याच जागेवरून हिशोब मांडला: तिन्ही पाळ्या मिळून १८ हजार कोकरं, माणसं १ लाख ८० हजार. मोजणी असावी तर अशी. बाकी सगळी भक्ती.

अश्दोदकरीण
ती पोस्ट माझी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळ अलिबागकडचे, मी गेली तीस वर्षं इस्राएलात अश्दोदला. "बाकी सगळी भक्ती" हे वाक्य मला लागलं.

आमच्यात माणसं थेट मोजत नाहीत, दाविद राजाने मोजली आणि रोगराई आली तेव्हापासूनची धास्ती. सिनेगॉगमध्ये दहा पुरुष जमले का हे बघायला आमचे गब्बाई, म्हणजे तिथली व्यवस्था बघणारे, आजही आकडे म्हणत नाहीत. दहा शब्दांचं एक स्तोत्रवचन आहे, एका माणसामागे एक शब्द. शब्द संपले की प्रार्थना सुरू. अशा लोकांनी कोकरं मोजून माणसांचा अंदाज बांधला, यात थाप कुठे आली? तालमुदात, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेच्या ग्रंथात, अग्रिप्पा या ज्यू राजाचीही गोष्ट आहे. त्याने प्रत्येक कोकराचे गुरदे बाजूला काढायला लावले. सहा लाख जोड्या निघाल्या.

त्रिज्या
ताई, सहा लाख जोड्या गुणिले दहा म्हणजे साठ लाख. मग २७ खरे की ६०? तिथेच पुढे म्हटलंय की मिसरातून निघाले त्यांच्या हे दुप्पट. आकडा मोजून आलेला नाही, अर्थ सांगायला आलेला आहे.

आणि योसेफसच्या आकड्यांवर भार टाकू नका. कुमानस सुभेदार असताना पेसाहला एका शिपायाने गर्दीपुढे अश्लील चाळा केला, दंगल झाली, लोक चेंगरून मेले. किती? त्याच्या एका ग्रंथात ३० हजारांहून जास्त (काही प्रतींत १० हजार), दुसऱ्यात २० हजार. लेखक तोच, घटना तीच.

सुरीवाला
मी खाटकाचा मुलगा. इतिहास माझा विषय नाही, पण सेकंदाला साडेपस्तीस हे वाचून राहवलं नाही. त्रिज्यासाहेब, तुम्ही एक खाटीक आणि एक रांग धरून भागाकार केलाय. गावच्या जत्रेला आमच्या आळीत शंभर बोकडं एका वेळी पडायची, कारण सुऱ्या शंभर असायच्या. सुरी फिरवायला वेळ लागत नाही. वेळ जातो सोलण्यात. टांगलेलं बोकड सोलून साफ करायला बसलेल्या हातालाही दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि टांगायला आकडा नसेल तर दुप्पट. तेव्हा प्रश्न असा विचारा, की तिथे आकडे किती होते? कापायचं कोणी?

अश्दोदकरीण
दादा, नेमकं विचारलंत. कापायचा ज्याचा त्याने, याजकच लागे असं नाही. याजक रांगा करून उभे, एका रांगेत सगळी चांदीची भांडी, दुसरीत सगळी सोन्याची. रक्त झेललं की भांडं हातोहात वेदीपर्यंत जाई आणि रिकामं परत येई. भांड्यांना बूड सपाट नसे, म्हणजे कुणी खाली ठेवणार नाही आणि रक्त गोठणार नाही. सोलायला भिंतींत आणि खांबांत लोखंडी आकडे होते. आकडा मिळाला नाही तर गुळगुळीत काठ्या ठेवलेल्या. काठी दोघांच्या खांद्यांवर आडवी टाकायची आणि तिला टांगून सोलायचं.

सुरीवाला
हे लिहिणाऱ्याने काम उभं राहून बघितलेलं आहे. काठीची युक्ती आम्हीपण करायचो, माझा खांदा बाराव्या वर्षी त्या कामाला लागला. रक्त गोठण्याचंही शंभर टक्के बरोबर, भांडं टेकवलं की संपलं.

सुलेखन
क्षमा करा, पण एका प्राचीन धर्माच्या पवित्र विधीची चर्चा मटणाच्या दुकानावर आणून ठेवायची गरज होती का? विषय ग्रंथांचा आहे. ज्यांनी ग्रंथ वाचले त्यांनी बोलावं.

सुरीवाला
शाळेत माझ्या डब्याशेजारी कुणी बसायचं नाही, कारण "वास येतो". चाळीस वर्षं झाली. तुम्ही ते आज परत लिहिलंत. मी ग्रंथावर बोललोच नाही, मी वेळ किती लागतो ते सांगितलं, आणि ते इथे दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

अश्दोदकरीण
सुलेखन, ग्रंथच सांगते. तालमुदात म्हटलंय की रक्तातून चालणं हे आरोनाच्या वंशजांचं, म्हणजे याजकांचं, भूषण. तिथले सर्वांत पवित्र लोक अनवाणी त्या रक्तात उभे राहत. आमच्या पूर्वजांना कोकणात "शनवार तेली" म्हणत, घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून. धंद्यावरून माणूस मागे बसवणं मला नवीन नाही. दादा, तुम्ही बोला.

सुलेखन
दुखवायचा हेतू नव्हता. शब्द मागे घेतो. विषय भरकटतोय हे मत मात्र कायम.

माणदेशी
पाण्याचं कुणी बोलत नाही. २७ लाख माणसांना पिण्यापुरतं तीन लिटर धरा, दिवसाला ८१ लाख लिटर. दहा हजारांचा टँकर म्हणजे ८१० टँकर. आमच्या गावाला मार्चनंतर दिवसाआड एक येतो, त्यावर भांडणं होतात. डोंगरावरच्या शहरात इतकं पाणी आणलं कुठून?

अश्दोदकरीण
गिहोनचा झरा, मोठे तलाव, बेथलेहेमच्या दक्षिणेकडून येणारे पाट आणि घरोघरी खडकात खोदलेल्या टाक्या. इथे पाऊस हिवाळ्यात पडतो, पेसाह वसंतात, म्हणजे टाक्या भरलेल्या. पण ८१ लाख लिटर कुठून आणायचं याचं उत्तर माझ्याकडे नाही, हे कबूल.

त्रिज्या
सुरीवाले, सेकंदाचा भागाकार मी मागे घेतो. काम एकाच वेळी अनेक हातांनी होत असेल तर तो चुकीचाच आहे. पण जागा तेवढीच राहते. आणि प्रत्येक कोकराची चरबी एकाच वेदीवर जाळायची. तिथे तुंबणार नाही?

अश्दोदकरीण
चरबी पहाटेपर्यंत जाळता येई. तिथे नाही अडत.

त्रिज्या
मग भाजण्यात अडेल. हे मांस त्याच रात्री, शहराच्या हद्दीतच, आणि फक्त भाजून खायचं. डाळिंबाच्या लाकडाची सळई घालून भट्टीत. तंबू बाहेर ठोकले तरी जेवायला आत यायलाच हवं. अडीच लाख कोकरं म्हणजे भट्ट्या किती, याचा विचार करा. तटाच्या आतलं सगळं शहर दोन चौरस किलोमीटरसुद्धा नव्हतं.

अश्दोदकरीण
याला माझ्याकडे उलट टोला नाही. हे आधी लिहिलं असतंत तर मी एवढी चिडले नसते. पण १ लाख ८० हजारांवर मी सही करणार नाही. येरेमियासही कोकरामागे दहाच धरतो, आणि योसेफस स्वतः म्हणतो की काही टोळ्या वीस-वीस जणांच्या असत. तालमुदात जुनी म्हण आहे: पेसाहचा वाटा ऑलिव्हएवढा आणि हाल्लेलने, म्हणजे सणाच्या स्तुतिस्तोत्रांनी, छप्पर फुटतंय. तुकडा एवढासा, कारण वाटेकरी भरपूर. खाली जागा नाही म्हणून खायचं खाली आणि गायला गच्चीवर जायचं. अभ्यासक ई. पी. सँडर्स तीन ते पाच लाख म्हणतो. पाचापर्यंत मी खाली येते.

त्रिज्या
तीन म्हणा, मी वर येतो.

सुरीवाला
एक राहिलं. त्या तीन पाळ्या सारख्याच भरायच्या का? आमच्याकडे शेवटच्या घाण्याला कधी गर्दी नसते.

अश्दोदकरीण
नव्हत्या. मिश्नात आहे की तिसऱ्या पाळीत लोक थोडे, त्यामुळे हाल्लेल गाताना ते "अहाव्ती" या शब्दापर्यंतसुद्धा कधी पोचले नाहीत, काम त्याआधीच आटपे. तिला आळशांची पाळी म्हणत.

त्रिज्या
म्हणजे तिसरी पाळी भरलेली धरायची नाही. येरेमियासने १८ हजारांत ती कशी धरली ते तपासायला हवं. माझाच आकडा खाली येऊ शकतो. उद्या पुन्हा मांडून बघतो.